बोगद्यातला टाळकरी

नाशिकच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याचे पत्र आले आहे. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी त्याने आणि त्याच्या मित्रांनी पुठ्ठ्याचा बोगदा केला, आत चार छोटे पंखे बसवले आणि उदबत्तीचा धूर सोडला. धूर जाणवला की पंखे आपोआप फिरू लागायचे. हे सगळे चालवत होता रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा बोर्ड. खर्च सहा हजारांच्या आत. खऱ्या बोगद्यात हेच काम करणाऱ्या, पीएलसी (प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर) बसवलेल्या पॅनेलला लाखो रुपये पडतात, असे एका परीक्षकांनी सांगितले आणि पोरगा चक्रावला. त्याचा प्रश्न असा : ‘माझ्या बोर्डाचा प्रोसेसर अनेक पीएलसींपेक्षा वेगवान आहे. मग हे लाखो रुपये नेमके कशाचे?’

प्रश्न जरा आगाऊ आहे, म्हणूनच आवडला. शिवाय वेळही बरोबर साधली आहे. मलबार हिलच्या पोटातून जाणाऱ्या सागरी किनारा मार्गाच्या दोन किलोमीटरच्या बोगद्यांतून मुंबईकर आता रोज जातात. गोरेगाव-मुलुंड आणि ठाणे-बोरिवली हे जुळे बोगदे हाती घेतलेले आहेत. त्यातला ठाणे-बोरिवलीचा तर दहा किलोमीटरहून लांब. या बोगद्यांच्या मेंदूंची निवड कशी करायची, हा प्रश्न आता एकट्या विद्यार्थ्याचा राहिलेला नाही.

आधी एक कबुली. बोगद्याला बुद्धी फार थोडी लागते. हवेतला कार्बन मोनॉक्साइड मोजा, धुरकटपणा मोजा, वाढला तर पंखे वाढवा. बाहेर ऊन कडक असेल तर तोंडाजवळचे दिवे जास्त लावा, म्हणजे आत शिरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येणार नाही. खड्ड्यात पाणी साचले की पंप सुरू करा. आग लागली तर तोंडावरचा सिग्नल लाल करा. यातले गणित तुमच्या मोबाइलला झोपेतही जमेल. पैसे गणिताचे नाहीतच.

मग कशाचे? त्यासाठी जरा न्यूयॉर्कला जाऊन यावे लागेल.

हडसन नदीखालचा हॉलंड बोगदा १३ नोव्हेंबर १९२७ रोजी खुला झाला. मोटारींच्या धुराने माणसे आत गुदमरतील, ही तेव्हाची मोठी धास्ती होती. किती वायू माणूस सोसतो हेच कोणाला नक्की ठाऊक नव्हते. म्हणून येल विद्यापीठात यँडेल हेंडरसन यांनी बंद खोलीत माणसे बसवली, स्वतःही बसले आणि कार्बन मोनॉक्साइड मोजून मोजून सोडला. पेन्सिल्व्हेनियातल्या ब्रूसटनच्या प्रायोगिक खाणीत तर मोटारी गोल गोल फिरवून हवा तपासली. मुख्य अभियंता क्लिफर्ड हॉलंड १९२४ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षीच वारला. त्याच्या जागी आलेला मिल्टन फ्रीमनही काही महिन्यांत गेला. काम पुरे केले ओले सिंगस्टाड या नॉर्वेत जन्मलेल्या अभियंत्याने. रस्त्याखालून ताजी हवा आणायची, छतावरून खराब हवा ओढून न्यायची, दर दीड मिनिटाला सगळी हवा बदलायची, ही रचना त्याची. बोगद्याला नाव मात्र हॉलंडचे. सिंगस्टाडच्या वाट्याला पंखे आले, एकूण ८४.

हा आकडा लक्षात ठेवा.

१३ मे १९४९ रोजी त्याच बोगद्यात कार्बन डायसल्फाइडची पिंपे नेणारा ट्रक पेटला. बरेच ट्रक जळाले, ६६ जण जखमी झाले, पण आत अडकलेल्यांपैकी कोणी दगावले नाही. पंखे धूर ओढत राहिले आणि ते पंखे हाताळणाऱ्या माणसांना आपण काय करतो आहोत हे ठाऊक होते. तेव्हा पीएलसी जन्मायलाही वीस वर्षे बाकी होती.

त्या काळात यंत्रे आपोआप चालवायची म्हणजे रिले लागत. विजेने खटकन जुळणारे आणि खटकन सुटणारे स्विच, असे हजारो, कपाटेच्या कपाटे भरून. मोटारीचे मॉडेल बदलले की कारखान्यातले सगळे वायरिंग उपसायचे. या कटकटीतून सुटका कशी करावी याचे टिपण डिक मॉर्ली या अमेरिकन अभियंत्याने १ जानेवारी १९६८ रोजी लिहिले. आदल्या रात्रीच्या पार्टीने डोके जड झालेले होते, असे तो पुढे स्वतःच सांगायचा. बेडफर्ड असोसिएट्स ही त्याची छोटी कंपनी. तिचा हा चौऱ्यांशीवा प्रकल्प, म्हणून यंत्राचे नाव ठेवले मोडिकॉन ०८४.

पुन्हा चौऱ्यांशी! आपल्याकडे चौऱ्यांशी लक्ष योनींचे फेरे झाल्यावर मनुष्यजन्म मिळतो म्हणतात. इथे चौऱ्यांशी प्रकल्पांचे फेरे झाल्यावर पीएलसीचा जन्म झाला आणि जन्मल्यापासून ते यंत्रही फेरेच मारते आहे. योगायोगच, पण असा योगायोग सोडवत नाही.

त्या ०८४ ला पंखा नव्हता, म्हणजे बाहेरची धूळ आत खेचली जाण्याचा प्रश्नच नाही. चालू-बंद करायचे बटणही नव्हते. हे यंत्र बंद करायचे नसतेच, असे त्यामागचे गृहीत. मॉर्लीची खरी चतुराई मात्र वेगळ्याच ठिकाणी होती. कारखान्यातल्या वायरमनला त्याने संगणक शिकायला लावले नाही. वायरमनची जी रिलेची आकृती असते, शिडीसारखी दिसणारी, ती वाचायला त्याने संगणकालाच शिकवले. भोसरीपासून सातपूरपर्यंत आजही पोरे ‘लॅडर मारतो’ म्हणतात, ती ही शिडी. पुढे १९७३ मध्ये मोडिकॉन १८४ आले आणि धंदा खऱ्या अर्थाने तेव्हा उभा राहिला. ते यंत्र घडवणाऱ्या मायकेल ग्रीनबर्गचे नाव कोणी घेत नाही. सिंगस्टाडच्याच पंगतीत त्यालाही बसवायला हवे.

आता फेऱ्याकडे येऊ. पीएलसी एकच गोष्ट करत राहते. सगळे सेन्सर वाचायचे, शिडी वरून खाली उतरायची, सगळ्या यंत्रांना हुकूम द्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. एक फेरा काही मिलिसेकंदांचा, फार तर काही डझन मिलिसेकंदांचा. रात्री तीन वाजता काहीही घडत नसताना तोच, आगीचा लोळ उठलेला असतानाही तोच.

कीर्तनात बुवा आख्यान रंगवतात, मध्येच दृष्टांत देतात, एखादी तान घेतात, कधी मूळ अभंगापासून लांब भटकून येतात. मागे उभा असलेला टाळकरी यातले काही करत नाही. त्याच्याकडून हुशारीची अपेक्षा नसतेच. ठोका चुकवायचा नाही, एवढेच त्याचे काम. तो चुकला तर बुवा कितीही मोठे असोत, कीर्तन कोसळते. आपला नेहमीचा संगणक हा बुवा आहे. एकाच वेळी दहा कामे करतो, मध्येच अपडेट घेतो, कधी कुठे रमला तर अर्धा सेकंद उशिरा येतो. पीएलसी टाळकरी आहे. त्याच्यावर नजर ठेवायला वॉचडॉग नावाचे वेगळे घड्याळ असते. ठरलेल्या वेळेत फेरा पुरा झाल्याची खूण मिळाली नाही की ते या मेंदूला आजारी ठरवते आणि दुसरा टाळकरी तयार ठेवलेला असेल तर तो ठोका उचलतो.

रास्पबेरी पाय हरतो तो वेगात नाही. त्याची सारी स्मृती बहुधा नखाएवढ्या मेमरी कार्डात असते. सतत लिहून ते झिजते आणि लिहिता लिहिता वीज गेली तर बिघडूही शकते. बोगद्यातली हवा म्हणजे डिझेलची काजळी, ओल, टायरची भुकटी. त्यात वर्षातून काही वेळा भिंती धुणाऱ्या गाडीचा फवारा. शेजारून मोठ्या पंख्याची मोटर सुरू होताना विजेच्या तारांत उसळणारा गोंधळ वेगळाच.

पण या सगळ्यावर बरी पेटी, बरे कार्ड आणि बरा वीजपुरवठा हे उत्तर देता येईल. खरा प्रश्न पुढे आहे आणि बोगद्याला इतर यंत्रांपासून वेगळे काढतो तो हाच : मेंदू बंद पडला तर काय व्हायला हवे?

लिफ्टचे उत्तर सोपे, थांबा. रेल्वे सिग्नलचे उत्तर सोपे, लाल व्हा. बोगद्याच्या तोंडावरचा सिग्नलही लाल होऊ शकतो. आणीबाणीचे बटणही असे जोडतात की तार तुटली तर ते दाबले गेले असेच धरले जावे. पण पंख्यांचे काय? आग लागली असताना ‘सगळे बंद’ हे सुरक्षित नाही आणि ‘सगळे सुरू’ हेही नाही. एकेरी वाहतुकीच्या बोगद्यात आगीच्या पुढच्या गाड्या बाहेर निघून जातात, मागच्या अडकतात. म्हणून वारा गाड्यांच्या दिशेनेच वाहायला हवा आणि साधारण सेकंदाला तीन मीटर तरी, नाही तर धूर छताखालून उलटा अडकलेल्यांवर येतो. पुढेही वाहतूक तुंबलेली असेल तर हाच वारा पुढच्यांच्या जिवावर बेततो. पंखा उलटा फिरवायचा तर आधी थांबवावा लागतो. सगळे एकदम सुरू केले तर वीजपुरवठाच कोलमडतो, म्हणून एकामागून एक घ्यावे लागतात.

म्हणजे इथे शहाणपणाने बंद पडणे पुरत नाही. बंद पडायचेच नाही. त्यासाठी दोन मेंदू हवेत, तेही वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या वीजवाहिन्यांवर. दोन्ही एकाच कपाटात ठेवले तर एकच ठिणगी दोघांना नेते. फायबरची तार कड्यासारखी फिरवायची, एका जागी तुटली तर दुसऱ्या बाजूने निरोप पोचावा. बोगद्यातल्या प्रत्येक टप्प्यावरच्या पेटीला एवढी अक्कल द्यायची की कंट्रोल रूमशी संबंध तुटला तरी ती ठरलेले काम करत राहील. सुरक्षेच्या दर्जाचे प्रमाणपत्रही एकट्या पीएलसीचे पाहून भागत नाही. सेन्सरपासून पंख्याच्या कॉन्टॅक्टरपर्यंत सगळी साखळी तपासायची. कॉन्टॅक्टर चिकटला तर मेंदू कितीही महागाचा असो, पंखा ऐकत नाही. लाखो रुपये जातात ते इथे.

तरीही सगळे पैसे पाण्यात जाऊ शकतात. २४ मार्च १९९९. फ्रान्स आणि इटली यांच्यामधला ११.६ किलोमीटरचा माँ ब्लाँ बोगदा. पीठ आणि मार्गारिन नेणारा ट्रक पेटला. बोगद्याला दोन टोके, दोन देश, दोन कंपन्या आणि दोन कंट्रोल रूम. हवेच्या एका नळातून धूर ओढताही येत होता आणि ताजी हवा सोडताही येत होती. इटलीच्या बाजूने ताजी हवा सोडली गेली. आग ५३ तास धुमसली. ३९ माणसे गेली. पंखे बिघडले नव्हते, हुकूमच दोन तोंडांचा होता. तीन वर्षांनी बोगदा पुन्हा उघडला तो एकाच संयुक्त व्यवस्थेखाली. २००४ मध्ये युरोपीय संघाने ५०० मीटरहून लांब बोगद्यांसाठी सुरक्षेचा निर्देश काढला, त्यातही प्रत्येक बोगद्याला जबाबदार धनी ठरवून दिला.

उलट उदाहरण मेलबर्नचे. २३ मार्च २००७ रोजी बर्नली बोगद्यात गाड्या आदळून आग लागली. या अपघातात तिघे गेले. पण नियंत्रकाने काही मिनिटांतच पाण्याचा मारा सुरू केला, धूर ओढला, शेकडो लोक चालत बाहेर आले. बोगदा काही दिवसांत पुन्हा सुरू झाला.

आता थोडे जाहिरातबाजीविषयी. हल्ली कुठल्याही यंत्रणेला ‘स्मार्ट’, ‘क्लाउड’, ‘एआय’ ही बिरुदे लावल्याशिवाय ती विकत नाही. कॅमेऱ्याच्या चित्रातून थांबलेली गाडी ओळखायला नवे तंत्र उपयोगी आहे, जरूर वापरा. पण त्याने सुचवावे, ठोका टाळकऱ्याने धरावा. जितक्या खिडक्या बाहेर उघडाल तितके चोर. २०१३ मध्ये इस्राएलमधल्या हैफाजवळचे कार्मेल बोगदे काही तास बंद ठेवावे लागले. कॅमेरा यंत्रणेवर सायबर हल्ला झाला, असे वृत्त होते. चालवणाऱ्या कंपनीने दळणवळणातला बिघाड म्हटले. काहीही असो, कारण दूरचे आणि रस्ता बंद.

शेवटचा निकष निविदेत क्वचित नीट लिहिला जातो. बोगदा शंभर वर्षे टिकावा म्हणून बांधतात. पीएलसी पंधरा-वीस वर्षे चालते. म्हणजे एका बोगद्याच्या आयुष्यात पाच-सहा मेंदूबदल. तेव्हा विकत घेताना विचारायचे : पंधरा वर्षांनी सुटे भाग मिळतील का? प्रोग्रामची मूळ प्रत आणि पासवर्ड आमच्या ताब्यात राहतील का, की ठेकेदाराबरोबर निघून जातील? पावसाळ्यातल्या रात्री जवळच्या गावातला तंत्रज्ञ हे पॅनेल उघडून समजू शकेल का? जे यंत्र एमआयडीसीतल्या शंभर कारखान्यांत कंटाळवाणेपणाने चालते आहे, तेच बोगद्यात घालावे. नवलाई प्रदर्शनात शोभते.

आता नाशिकच्या त्या मुलाला. तुझा बोर्ड वाईट नाही. नोंदी ठेवायला, आलेख काढायला, पंख्यांची थरथर मोजून बेअरिंग कधी जाणार हे सांगायला तो फार कामाचा आहे. फक्त हुकमाची तार त्याच्या हाती देऊ नकोस. आणि एक प्रयोग करून बघ. पुठ्ठ्याचा बोगदा पुन्हा मांड, उदबत्ती लाव, पंखे ऐन भरात आले की बोर्डाची वायर उपट. पंखे काय करतात ते नीट लिहून ठेव. तुझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या वहीत असेल. उरलेले निम्मे, वायर पुन्हा लावल्यावर काय होते त्यात.