बोदलकसा तलाव : काठावरची हिरवी उतरंड

ठिकाण : तिरोडा तालुका, गोंदिया जिल्हा. तलाव टेकड्यांच्या कुशीत असून नागझिरा अभयारण्य जवळच आहे.

बांध : मातीचा, १९१७ सालचा, लांबी सुमारे ६४० मीटर. म्हणजे तलाव नैसर्गिक नसून सिंचनासाठी अडवलेले पाणी आहे.

भोवतालचे जंगल : पानगळीचे. साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबू ही या पट्ट्यातली ओळखीची झाडे.

पाण्याची चढउतार : पावसाळ्यात तलाव भरतो, उन्हाळ्यात पाणी मागे हटते. उघड्या पडलेल्या ओल्या गाळात गवत आणि लव्हाळे उगवतात. पुढच्या पावसात तीच जागा पुन्हा बुडते.

जिल्ह्यातल्या तलावांतील वनस्पती : खोलीनुसार पट्टे पडतात. उथळ कडेला देवधान, म्हणजे रानटी भात. त्यापुढे तरंगत्या पानांची कमळे आणि शिंगाडा. तळाशी हायड्रिला आणि तिच्यासारख्या बुडीत वनस्पती. माशांच्या पिल्लांना त्यात आसरा मिळतो, पाणपक्ष्यांना चारा.

घुसखोर : बेशरम. फांदीच्या तुकड्यातूनही रुजते, विषारी असल्याने गुरे तिला टाळतात, म्हणून काठ झपाट्याने व्यापते.