मुंबईच्या नळाला पाणी येते कुठून

मुंबईत रोज सुमारे 390 कोटी लिटर पाणी पुरवले जाते. शहराच्या हद्दीतले विहार आणि तुळशी हे तलाव काठोकाठ भरले, तरी त्यांत एकूण साठ्याच्या जेमतेम अडीच टक्के पाणी असते. बाकी सगळे पाणी ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा या धरणांतून येते. एकट्या भातशातच निम्मा साठा असतो.

विहार 1860 मध्ये बांधून झाला, तुळशी 1879 मध्ये. शहर वाढले तसे ते पुरेनात, आणि 1892 मध्ये तानसाचे पाणी आले. त्यानंतर 1957 मध्ये मोडकसागर, 1973 मध्ये ऊर्ध्व वैतरणा, मग भातसा आणि 2014 मध्ये मध्य वैतरणा. दर वेळी तहान वाढली की शहराबाहेर आणखी एक धरण गाठले गेले. यामागे एक भौगोलिक सोयही आहे. तानसा आणि वैतरणेवरची धरणे शहरापेक्षा उंचावर असल्याने त्यांचे पाणी मुख्यतः उताराने येते, त्यासाठी पंपांचा खर्च फारसा पडत नाही. लांबचे पाणी असे स्वस्तात मिळत गेल्यामुळे जवळची गळती थांबवण्याची निकड फारशी भासली नसावी.

या व्यवस्थेची झळ सर्वांत जास्त बसते ती शहापूर तालुक्याला. तानसा आणि भातसा याच तालुक्यात आहेत. पावसाळ्यात इथे सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरीही मार्च उजाडला की गावोगावी टँकरची मागणी सुरू होते. इथला कातळ बेसाल्टचा, त्यावर मातीचा थर पातळ. पाणी मुरण्याऐवजी उतारावरून वाहून जाते आणि थेट धरणात पोचते. आदिवासी पाडे मात्र वर, डोंगराच्या सोंडांवर. खाली दिसणारे पाणी वर चढवायचे तर वीज, पंप आणि टाक्या लागतात, आणि तेवढा पैसा ग्रामपंचायतीकडे नसतो. मग विहिरीच्या तळाशी उतरून झऱ्याचे पाणी वाटीवाटीने हंड्यात भरावे लागते. हे काम बहुतेक घरांत बायका आणि मुलीच करतात. मोठ्या जलवाहिन्या ज्या गावांजवळून जातात, तिथे व्हॉल्व्हमधून गळणाऱ्या पाण्यावरही कपडे धुतले जातात, हंडे भरले जातात. उशाशी दोन मोठी धरणे असलेल्या या तालुक्यासाठी इगतपुरीच्या भावली धरणातून पाणी आणण्याची योजना आखावी लागली, यावरून पाणीवाटपात स्थानिकांचा विचार किती झाला ते कळते.

शेतीचे पाणी शहराकडे वळण्याचे उदाहरण पालघर जिल्ह्यात आहे. सूर्या नदीवरचा धामणी-कवडास प्रकल्प डहाणू, विक्रमगड आणि पालघर या आदिवासीबहुल भागातली 14 हजार हेक्टरांहून अधिक जमीन भिजवण्यासाठी उभारला गेला. पुढे वसई-विरार आणि मीरा-भाईंदर फुगत गेली आणि त्याच धरणातून या दोन शहरांसाठी रोज 40 कोटी 30 लाख लिटर पाण्याची योजना झाली. स्थानिक शेतकरी आणि आदिवासी संघटनांनी तिला विरोध केला. तो रास्तच होता, कारण ज्यांच्या नावाने धरण झाले त्यांच्या शिवारापर्यंत कालवे पुरते पोचलेलेही नव्हते.

शहराची भूक नळावाटेच भागते असेही नाही. मुंबईच्या गिरण्यांना आणि घरांना वीज हवी म्हणून टाटा कंपनीने घाटमाथ्यावर धरणे बांधली. खोपोलीचे वीजघर 1915 मध्ये सुरू झाले. मुळशीच्या धरणात गावे आणि भातखाचरे जाणार म्हणून 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, पण धरण थांबले नाही. विस्थापनाची ही बाजू सर्वांना ठाऊक आहे. नद्यांची बाजू कमी बोलली जाते. टाटांच्या या धरणांतले पाणी निसर्गतः भीमेच्या खोऱ्यातले, पूर्वेला सोलापूरकडे जाणारे. वीजनिर्मितीसाठी ते कोकणात सोडले जाते. वर्षाला सुमारे 42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असे पश्चिमेकडे वळते, आणि भीमेच्या काठावर मात्र दुष्काळी वर्षांत पिण्याच्या पाण्याचेही वांधे होतात. आज मुंबईच्या एकूण विजेत या वीजघरांचा वाटा लहान आहे, त्यामुळे टंचाईच्या वर्षी हे पाणी भीमेला द्यावे ही मागणी रास्त ठरते.

आता मुंबईच्या पाण्यासाठी वाडा तालुक्यातल्या गारगाई धरणाची तयारी चालू आहे. ओगदे आणि परिसरातली गावे व तानसा अभयारण्याचे काही जंगल त्यात बुडणार आहे. मिळणार आहे रोज 44 कोटी लिटर. पालिकेच्याच अंदाजाने गळती आणि चोरीत पुरवठ्याचा एक चतुर्थांशाहून अधिक भाग जातो, म्हणजे किमान 97 कोटी लिटर. ही गळती निम्म्याने कमी केली तरी गारगाईइतके पाणी हाती लागते. दुसरीकडे, वापरलेल्या पाण्याचा मोठा भाग सांडपाणी होऊन समुद्रात आणि खाड्यांत जातो. ते शुद्ध करण्यासाठी शहरात सात ठिकाणी उभी राहत असलेली केंद्रे मिळून रोज 246 कोटी लिटरची क्षमता देतील. त्यातला काही भाग कारखाने, बांधकामे, उद्याने आणि शौचालयांसाठी वापरला, तर पिण्याच्या पाण्यावरचा भार हलका होतो. जुन्या जलवाहिन्या बदलणे, इमारतींना मीटरने पाणी देणे आणि प्रक्रिया केलेल्या पाण्यासाठी वेगळे नळ टाकणे ही कामे खर्चाची, रटाळ आणि रस्ते खोदणारी आहेत. पण त्यांसाठी एकही गाव उठवावे लागत नाही, म्हणून गारगाईचे बांधकाम सुरू करण्याआधी ती पुरी व्हायला हवीत.