पिस्ता की राखट हिरवा?

रंगाच्या दुकानातील नमुनापत्रिकेवर पिस्ता आणि राखट हिरवा, ज्याला हल्ली सेज म्हणतात, हे दोन रंग शेजारीशेजारी पाहिले असता सख्खी भावंडे वाटतात; परंतु पिस्त्यात पिवळ्याचा अंश ठळक असतो आणि राखटात करड्याच्या मिश्रणाने हिरवेपणाची तीव्रता दबलेली असते, एवढ्या किंचित भेदातून भिंतीवर मोठे अंतर पडते. चारही भिंतींवरून परावर्तित झालेला हिरवा प्रकाश परस्परांवर पडून रंग अधिक गडद भासतो, म्हणून पत्रिकेवर पसंत पडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकट छटा घ्यावी, अशी माझी शिफारस आहे.

खरा निकाल प्रकाशाच्या हाती. उत्तरेकडील खिडकीतून मुख्यतः आकाशाचा निळसर प्रकाश येतो. त्यात राखट हिरवा थंड, क्वचित उदासही होतो आणि पिस्त्याचा पिवळेपणा खोलीला तारतो. उलट पश्चिमेच्या खोलीत उतरत्या उन्हाची पिवळी झळ पडताच पिस्ता भडक भासतो. कोकणातल्या घरी खिडकीबाहेर फणस-आंबा दाटलेला असेल, तर पानांतून गाळून येणारा प्रकाश मुळातच हिरवट. तिथे राखटच बरा. चाळीतल्या अंधाऱ्या खोलीला मात्र मी निःसंकोच पिस्ता देईन, पण दोन्ही छटांचा प्रकाश-परावर्तनाचा अंक, जो 0 ते 100 या मापात सांगतात, दुकानदाराकडून विचारून घेतल्यावरच.

रात्रीची कथा निराळी. 2700 केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली एक आणि 6500 केल्विनच्या पांढऱ्याखाली दुसरा, असा एकाच भिंतीचा वेष पालटतो. शिवाय निळसर झाकेचे थॅलोसायनिन हिरवे आणि मंद, ऑलिव्हकडे झुकणारे क्रोमियम ऑक्साइड ही भिन्न रंगद्रव्ये इतरांत मिसळून दोन डब्यांत एकच छटा साधली, तरी दिवसा जुळलेले ते रंग दिव्याखाली वेगळे दिसू शकतात. या प्रकाराला मेटामेरिझम म्हणतात. म्हणूनच एका खोलीचा सगळा रंग एकाच वेळी, एकाच घाण्याचा घेण्याची तजवीज करावी.

खातरजमेसाठी दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात देऊन तो पूर्ण वाळल्यावर सकाळी, दुपारी व दिवा लागल्यावर निरनिराळ्या भिंतींना टेकवून पाहावा. जुन्या भिंतीवर थेट ठिपका मारल्यास भोवतालचा जुना रंग डोळ्याला फसवितो. आणि जिथे आरशासमोर साजशृंगार होतो, त्या खोलीला यांपैकी कोणताच नको, कारण परावर्तित हिरव्या प्रकाशात माणसाचा चेहरा आजारी दिसतो.