फवारा शेतातला, फवारा दारातला

कुरुंद्याला फवारा नवा नाही. वसमत तालुक्याचा हा पट्टा हळद, ऊस, कापूस आणि सोयाबीनचा. पाठीवरचा सोळा लिटरचा पंप शेतकऱ्याच्या घरी असतोच. दसरा-दिवाळीच्या तोंडावर घराची रंगरंगोटी निघाली की पहिली नजर त्याच पंपाकडे जाते. गोठ्याच्या भिंतीला चुना मारायला तो चालतोही, फक्त चुना दोनदा कापडातून गाळून घ्यावा लागतो. पण त्यासाठी पंप वेगळाच ठेवावा. औषधाचा अंश राहिलेला पंप माणसांच्या वावरातल्या भिंतीवर चालवणं धोक्याचं आहे. शिवाय टाकीत चुना राहिला तर पुढच्या फवारणीचं औषध वाया जाऊ शकतं, कारण बरीच कीटकनाशकं अल्कधर्मी पाण्यात टिकत नाहीत.

रंगाच्या फवाऱ्याची गोष्टही चुन्यापासूनच सुरू होते. १८८७च्या सुमारास शिकागोत मार्शल फील्ड या बड्या दुकानाच्या इमारतीची देखभाल पाहणाऱ्या जोसेफ बिंक्सने तळघराच्या भिंती झटपट पांढऱ्या करण्यासाठी हातपंपाचा फवारा बनवला. दुसरा धागा दवाखान्यातला. ओहायोतल्या टोलेडोचे डॉक्टर ॲलन डेव्हिलबिस यांनी घशात औषध फवारण्याचं उपकरण तयार केलं आणि त्यांच्या मुलाने, टॉमसने, त्याच तत्त्वावर पुढे रंगाची गन बनवली.

आज दुकानात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. वेल्डिंगच्या शेडमध्ये ट्रॉल्या आणि फाटकं रंगवतात ती कॉम्प्रेसरची गन. मोठ्या इमारतींसाठी एअरलेस. ती हवेशिवाय, केवळ प्रचंड दाबाने रंग फेकते. आणि घरच्या बोर्डावर चालणारी हातातली विजेची गन, जी कमी दाबाची भरपूर हवा देते. घरासाठी ही तिसरीच घ्यावी. तिच्यात रंग कमी उडतो. जुन्या जास्त दाबाच्या गनमध्ये निम्म्याहून अधिक रंग हवेतच जातो.

तरीही राहत्या घराच्या चार भिंतींसाठी मी गन सुचवणार नाही. पलंग, कपाट, फरशी, पंखा, सगळं झाकण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात रोलरचा एक हात मारून होतो. गनचं खरं काम नक्षीच्या ग्रीलवर, झडपांच्या दारावर, वेताच्या खुर्चीवर; जिथे ब्रशचे केस पोचत नाहीत तिथे.

ग्रील शक्यतो काढून अंगणात उभी करावी आणि मागे जुनं गोणपाट टांगावं, कारण गजांमधून बराच रंग पलीकडे जातो. गंज आणि सुटलेला रंग ओला करूनच घासावा. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून आली. त्याआधीच्या ऑइलपेंटच्या कोरड्या धुळीत शिसं असू शकतं आणि ते लेकरांना फार घातक. मग रेडऑक्साइड. ते वाळलं की ऑइलपेंट थिनरने पातळ करून, गाळून बाटलीत भरायचा. गनसोबत छोटा पेला येतो. त्यातून रंग किती सेकंदांत गळतो ते मोजून माहितीपत्रकाशी जुळवावं. रंग घट्ट राहिला तर गन थुंकते, फार पातळ झाला तर ओघळ येतात.

गन पृष्ठभागापासून वीतभर लांब धरावी. मनगट न वळवता हात सरळ सरकवावा, कडेच्या आधी घोडा दाबावा आणि कड ओलांडल्यावर सोडावा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात बरे. मराठवाड्याच्या उन्हात दुपारी हे काम करूच नये: थेंब वाटेतच वाळतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. वारा सुटण्याआधीची सकाळ उत्तम.

तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. थिनरची वाफ अडवणारा, कार्बन फिल्टरचा मास्क लागतो. जवळ चूल किंवा विडी नको. एअरलेस भाड्याने आणली असेल तर तिच्या टोकापुढे बोट कधीच नेऊ नये. तिचा रंग कातडीत घुसतो, जखम टाचणीएवढी दिसते, पण तासाभराचाही उशीर न करता दवाखाना गाठावा लागतो.

काम संपताच बाटली, नोझल आणि सुई त्याच थिनरने धुवावी. रात्रभर रंग राहिलेली गन सकाळी सहसा चालत नाही. दोन ग्रील आणि एका फाटकापुरतं काम असेल तर गन विकत घेऊच नये. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात कॉम्प्रेसर असतो, तिथेच ती रंगवून घ्यावीत.