वर्षावासातला टाको : तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्यापैकी अनेक घरांत मांसाहार बंद असतो. पण शाकाहार म्हटला की पेण काय, रोहा काय, बटाट्याची पातळ भाजी ठरलेली. पोट भरत नाही, तरुण मुलं तोंड वाकडं करतात आणि टाको मागतात.

मागू द्या. टाको म्हणजे मेक्सिकोतली मक्याची मऊ भाकरी. दुमडायची, आत सारण भरायचं. तिथे त्यात घेवड्याच्या दाण्यांची उसळही भरतात. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते कडधान्यात भरपूर असतं. म्हणून ही जोडी पोटाला आधार देते. नुसत्या कोबी-मेयोनीजच्या टाकोने तासाभरात पुन्हा भूक लागते.

आणि ही जोडी आपल्याकडे आहेच. भात कापल्यावर शेतातल्या ओलीवर येणारे कडवे वाल रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, कोमट पाण्यात टाकून सोला. कांदा, लसूण, मिरची, ओलं खोबरं आणि आमसूल घालून बिरडं करा. एरवी आपण रस ठेवतो. इथे अंगाशी आटवा, नाहीतर सगळं कोपरापर्यंत ओघळेल. तांदळाच्या पिठाची उकड काढून भाकरी थापा आणि गरम असतानाच दुमडा. गार झाली की मोडते. वर कच्चा कांदा, कोथिंबीर. यात दूध-तूप कुठेच नाही, म्हणजे व्हिगनही झालं.

बाहेर खाताना मात्र विचारून घ्या. मेयोनीजमध्ये अंडं असू शकतं. चीज, बटर व्हिगन नाही. आपल्या भागात तर चटणीत जवळा आहे का, हेही विचारलेलं बरं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जीवक सुत्तात भिक्खूंसाठी मांस सरसकट निषिद्ध नाही. आपल्यासाठी प्राणी मारल्याचं पाहिलेलं, ऐकलेलं किंवा तसा संशय असलेलं मांस वर्ज्य आहे. शाकाहार ज्याने त्याने करुणेपोटी स्वीकारावा. पण ताटावरून माणसाला शुद्ध-अशुद्ध ठरवण्याची रीत आपल्या पूर्वजांनी भोगली आहे. ती विहाराच्या पंगतीत शिरता कामा नये. भोजनदानात शाकाहारी ताट ठेवायचं तर ते चवीचं ठेवा, आणि सुकट खाणाऱ्या शेजाऱ्यालाही त्याच पंगतीत बसवा.

थंडीत पोपटी लागली की भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजलेले वालाचे दाणे आणि रताळं याच भाकरीत भरून बघा. मीठ-ओवा पुरे.