घरच्या संगणकावर शेतीच्या हिशेबाची नवी आवृत्ती : आधी तपासा, मग वापरा

यवत परिसरात कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि उसावर गुऱ्हाळे चालतात. आडसाली ऊस १६ ते १८ महिने शेतात उभा राहतो. त्यामुळे लागणीचा खर्च एका वर्षात आणि तोडणीचे पैसे दुसऱ्या वर्षात, असे होते. त्यानंतर खोडव्याचा हिशेब वेगळा. असा लांबलेला हिशेब अनेक घरांत आता वहीऐवजी संगणकावर ठेवतात. म्हणूनच संगणकात नवी आवृत्ती घालताना जपून पावले टाकावीत.

हिशेबासाठी पैसे न मोजता मिळणारे 'लिब्रेऑफिस' उपयुक्त आहे. ते २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळे निघाले. त्यातील 'कॅल्क' हा तक्त्यांचा भाग शेतीच्या जमाखर्चाला पुरेसा आहे. जानेवारी २०२४ पासून आवृत्तीला वर्ष व महिन्याचा क्रमांक देतात, म्हणजे २४.२ ही २०२४ च्या फेब्रुवारीची आवृत्ती. याच आवृत्तीपासून काम आपोआप जपून ठेवण्याची सोय मुळातच चालू असते. दर १० मिनिटांनी नोंद होते, त्यामुळे वीज गेली तरी सगळे काम वाया जात नाही. ज्या गावात भारनियमनाचे वेळापत्रक पाठ असते, तिथे एवढ्यासाठीसुद्धा नवी आवृत्ती घ्यावी असे वाटते. मात्र संगणक विंडोज ७ किंवा ८ वर चालत असेल, तर ऑगस्ट २०२५ ची २५.८ ही आवृत्ती त्यावर चालणार नाही. कार्यक्रम अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावा. कोणी पेनड्राइव्हवर आणून दिलेला घेऊ नये.

नवी आवृत्ती बसवली की लिब्रेऑफिसची जुनी निघून जाते. म्हणून आधी सर्व हिशेबाच्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवून तो पेनड्राइव्ह बाजूला ठेवावा आणि चाचणी प्रतीवरच करावी.

चाचणी कशी करावी? जुन्या आवृत्तीत दिसणारी एकूण खर्चाची, जमेची व शिल्लक रक्कम कागदावर लिहून घ्यावी. नव्या आवृत्तीत तीच फाइल उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि एफ-नऊ ही बटणे एकत्र दाबावीत, म्हणजे सर्व सूत्रे नव्याने मोजली जातात. आता कागदाशी ताळा करावा.

ताळा जमला तरी हिशेब बरोबर असेलच असे नाही, कारण चूक जुन्या फाइलमध्येच दडलेली असू शकते. समजा, बेणे १८,०००, खते १४,५०० आणि मजुरीच्या रकान्यात कोणी '९००० रोख' असे लिहिले. आकड्याबरोबर शब्द आला की संगणक ती नोंद मजकूर समजतो आणि बेरजेत धरत नाही. बेरीज ४१,५०० ऐवजी ३२,५०० दिसते आणि कसलीही सूचना येत नाही! अशा बेरजेवर गुळाचा उत्पादन खर्च काढला, तर तोट्यातला हंगामही फायद्याचा भासेल. हे शोधण्यासाठी कंट्रोल व एफ-आठ दाबावे. आकडे निळे, सूत्रे हिरवी आणि मजकूर काळा दिसतो. रकमेच्या रकान्यात काळी नोंद आढळल्यास आकडा तेवढा ठेवून शब्द शेऱ्याच्या रकान्यात हलवावा. आकडे इंग्रजी अंकांतच टंकलिखित करावेत.

श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत लिहिलेली मराठी नावे, तो टंक संगणकात नसेल तर निरर्थक अक्षरे दिसतात. त्यात बिघाड नसतो. ती नावे युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावीत.

बँकेला किंवा कर सल्लागाराला एक्सेलची फाइल लागत असल्यास कॅल्कमधून 'एक्सएलएसएक्स' स्वरूपात वेगळी प्रत काढून द्यावी. घरची मूळ फाइल 'ओडीएस' स्वरूपातच ठेवावी. एका हंगामाचे सर्व व्यवहार नव्या आवृत्तीत नीट चालेपर्यंत तो बाजूला ठेवलेला पेनड्राइव्ह पुसू नये.