पारोळ्यात पॅराबोला

पारोळा इंग्रजीत लिहायचं तर पी, ए, आर, ओ, एल, ए अशी सहा अक्षरं लागतात. ही सहाही गणितातल्या ‘पॅराबोला’ या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये आहेत. वर एक बी आणि एक ए शिल्लक राहतो. पाचोऱ्याची सातही अक्षरं ‘अ‍ॅप्रोच’मध्ये मिळतात. यावल ‘रेल्वे’त सापडतं, अमळनेर ‘ऑर्नमेंटल’मध्ये, साक्री ‘अ‍ॅस्टरिस्क’मध्ये, एरंडोल ‘लँडओनर’मध्ये. धुळे तर ‘शोल्डर’, ‘शेड्यूल’ आणि ‘हाउसहोल्ड’ अशा तिन्ही शब्दांत आहे.

या खेळाचे नियम दोनच. अक्षरं कोणत्याही क्रमानं आली आणि मध्ये दुसरी घुसली तरी चालतं. पण जे अक्षर जितक्या वेळा दिलंय, निदान तितक्या वेळा ते मोठ्या शब्दात हवं. पारोळ्यात ए दोनदा आहे. म्हणून एकच ए असलेला ‘पार्लर’ बाद होतो.

असे शब्द शोधायचे कसे? आपण सहसा अक्षरं उलटसुलट मांडून बघतो. या मांडण्या किती होतात, याचा हिशेब भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’च्या अखेरच्या ‘अंकपाश’ प्रकरणात दिला आहे. वरची सगळी गावं ज्या खानदेशातली, त्याच्याशी भास्कराचार्यांचं नातं कोरीव पुराव्याचं आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथला 1207 चा शिलालेख सांगतो, की त्यांचा नातू आणि यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापन केला. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला.

अंकपाशातलं एक उदाहरण देवांचं आहे. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म यांची अदलाबदल केली तर किती मूर्ती होतील? चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक, म्हणजे 24. दहा हातांत दहा आयुधं धरणाऱ्या शंकराच्या मूर्ती मात्र होतात 36,28,800. काही अंक सारखे असतील तर काय, हेही भास्कराचार्य सांगतात. 2, 2, 1, 1 या अंकांपासून 24 नव्हे, सहाच संख्या बनतात, कारण सारख्या अंकांची आपसातली अदलाबदल दिसतच नाही. हाच नियम आपल्या गावांना लावू. धुळ्याची पाचही अक्षरं वेगळी, म्हणून 120 मांडण्या. पारोळ्याची सहा अक्षरं, पण ए दोनदा. 720 ला दोननं भागून 360.

इथवर कागद-पेन्सिल पुरते. पण आपल्याला हवा आहे मोठा शब्द, आणि त्यात आणखी कोणती अक्षरं येतील ते ठाऊक नाही. इंग्रजीच्या 26 अक्षरांतून आठ अक्षरांच्या मांडण्याच 20,882 कोटींहून जास्त होतात. त्यातल्या बहुतेक सगळ्या निरर्थक. म्हणून संगणकाला हा प्रश्न उलटा घालतात. मांडण्या बनवत बसायचं नाही. शब्दकोशात आधीच असलेले काही लाख शब्द एकेक करून तपासायचे. तपासताना क्रम विसरून जायचा आणि फक्त कोणतं अक्षर किती वेळा आलं, तेवढं मोजायचं. प्रत्येक शब्दासाठी 26 आकड्यांची एक ओळ तयार होते. गावाच्या ओळीतला प्रत्येक आकडा शब्दाच्या ओळीतल्या आकड्याइतका किंवा त्याहून लहान असला, की शब्द मिळाला.

हीच तपासणी भागाकारानंही होते. अक्षरांना मूळ संख्या वाटून द्या: ए ला 2, एल ला 3, ओ ला 5, पी ला 7, आर ला 11, बी ला 13. पारोळ्याच्या अक्षरांचा गुणाकार येतो 4,620 आणि पॅराबोलाचा 1,20,120. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की पूर्ण भाग जाऊन 26 येतात. 26 म्हणजे 2 गुणिले 13, म्हणजेच शिल्लक राहिलेले ए आणि बी! कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, म्हणून इथे फसगत होत नाही. ‘पार्लर’मधल्या यू ला 17 दिले तर गुणाकार 4,31,970 होतो. त्याला 4,620 नं भागल्यावर येतात साडेत्र्याण्णव, कारण एक ए कमी आहे. लांब शब्दांचे गुणाकार मात्र भराभर फुगतात, म्हणून 26 आकड्यांची ओळच जास्त सोयीची.

जळगाव इथे अवघड जातं. त्यात ए दोनदा आहे, शिवाय जे आहे. स्क्रॅबलच्या 100 सोंगट्यांत ई च्या 12 असतात, जे ची एकच, आणि तिला आठ गुण. स्क्रॅबलचे निर्माते आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून हे प्रमाण बसवलं होतं. शोधणाऱ्यानं यातून घ्यायचा धडा असा: सगळ्यात दुर्मीळ अक्षरापासून सुरुवात करावी. जे नसलेले शब्द पहिल्याच फेरीत गळतात आणि पुढची मोजणी थोड्याच शब्दांवर करावी लागते.

मराठीत हाच प्रोग्रॅम लिहायला घेतला, तर आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: अक्षर कशाला म्हणायचं? आपल्याला ‘धुळे’ दोन अक्षरांचं दिसतं. युनिकोडमध्ये मात्र ध, उकार, ळ आणि एकाराची मात्रा असे चार संकेत साठवलेले असतात. हे चार सुटे मोजले तर ‘दुधामुळे’ या शब्दातही धुळे सापडल्याचं संगणक सांगेल, कारण तिथे उकार आहे, फक्त तो ध चा नाही. ‘धु’ आणि ‘ळे’ अखंड मोजले तर ‘दुधामुळे’ बाद होतो आणि ‘धुतल्यामुळे’ टिकतो. दोन्ही उत्तरं हिशेबानं बरोबर आहेत. त्यातलं कोणतं मराठी वाचणाऱ्याला पटेल, हे मोजणी सुरू होण्याआधी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानंच ठरवायचं असतं.